आपला विश्वासू

मराठी मुलाच्या पत्रलेखनाची सुरुवात बहुधा अर्जाने होते. सहावी-सातवीच्या वर्गात गुरुजी फळ्यावर नमुना लिहून देतात. वर कोपऱ्यात पत्ता, त्याखाली दिनांक, मग ‘प्रति’, मग ‘मा. महोदय’, मग ‘विषय’, आणि ‘वरील विषयास अनुसरून विनंती करतो की’ असे म्हणून जे मागायचे ते मागायचे. शेवटी ‘माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ ही ओळ आणि तिच्याखाली ‘आपला विश्वासू’. त्या वयात हा सारा प्रकार निरर्थक वाटतो. ‘विश्वासू’मधला ‘वा’ ऱ्हस्व की दीर्घ असले प्रश्नही कोणी कोणी विचारतो आणि वर्ग हसतो. परंतु आज विचार करता त्या नमुन्यात एक शहाणपण दडलेले दिसते. त्यात दोन माणसे गृहीत धरलेली आहेत; एक मागणारा आणि एक ऐकणारा. मागणारा खाली आपले नाव लिहितो, आणि ऐकणाऱ्याला ‘महोदय’ म्हणतो. म्हणजे तो आहे, असे मानतो.

गेल्या आठ महिन्यांत मी एकतीस अर्ज केले. सगळे दुकानांतील नोकऱ्यांसाठी, आणि सगळे मोबाईलवरून किंवा संगणकावरून. त्यांपैकी एकाही अर्जात ‘महोदय’ लिहायला जागा नव्हती आणि ‘आपला विश्वासू’ लिहायलाही नव्हती. त्या एकतीस अर्जांची ही कैफियत आहे.

आमची प्राध्यापक मंडळी विचारतील, अरे, कला शाखेचा विद्यार्थी तू, स्पर्धा परीक्षा सोडून दुकानात उभा राहायला का निघालास? प्रश्न रास्त आहे. उत्तर सिरसाळ्यात आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवर राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. दसरा झाला की आमच्या घराला कुलूप लागते. आई आणि आबा कारखान्याला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, टनावर मजुरी, आणि मजुरीतून फेडायची ती मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल. हा हिशेब बीड जिल्ह्यातल्या किती घरांचा आहे हे मी या अंकात सांगावे असे नाही. आपल्या वर्गातल्या रिकाम्या बाकांवरून दिवाळीनंतर ते कोणालाही मोजता येते. आबांच्या कामाला साप्ताहिक सुट्टी नाही. आजारी पडले तर तो दिवस खाडा. दुकानी नोकरी याच्या तुलनेत काय आहे ते पाहा. १९४८ चा जुना दुकाने कायदा जाऊन महाराष्ट्रात २०१७ साली नवा कायदा आला. त्यात आठवड्याची एक सुट्टी आहे, आणि जादा कामाला दुप्पट दर आहे. वीस किंवा अधिक माणसे कामाला असतील तर भविष्यनिर्वाह निधी आहे. कागदावर का होईना, पण आहे. ज्या घरात आजवर कोणाच्या नावाने नेमणुकीचा कागद आला नाही, त्या घरातल्या मुलाला असा कागद हवासा वाटला तर त्यात नवल काय?

म्हणून द्वितीय वर्षाची परीक्षा संपताच मी पहिला अर्ज भरायला बसलो. पद होते ‘ग्राहक सहायक’. काम म्हणजे कपाटे लावणे, मालावरच्या तारखा पाहणे, गिऱ्हाईकाला वाट दाखवणे आणि गरज पडेल तेव्हा बिलाच्या खिडकीवर बसणे. आमच्या बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानात मी अकरावी-बारावीच्या सुट्ट्यांत हेच काम केलेले आहे. तेथे त्याला पद नव्हते, ‘ए पोरा’ एवढेच होते. तेव्हा मनात आले, हे तर आपल्या हातचे आहे.

अर्जाची पहिली अडचण नावापासून सुरू झाली. पहिले नाव, मधले नाव, आडनाव असे तीन चौकोन. आधारवर माझे नाव एका स्पेलिंगने, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसऱ्या. मग गाव. आपल्या गावाचे नाव काही कागदांवर सिरसाळा असे असते, काहींवर शिरसाळा. माणसाला त्याने काही अडत नाही. बसचा कंडक्टर दोन्ही उच्चारांना तिकीट देतो. यंत्राला मात्र अडते. त्याने जी यादी पुढे केली तीत सिरसाळा नव्हते आणि शिरसाळाही नव्हते. परळी होते. मी परळीवर बोट ठेवले. पुढचा प्रश्न आला, ‘तुमच्या जवळची शाखा निवडा’. खाली पुणे, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर. आमच्या दृष्टीने यांपैकी जवळ कोणतेच नाही आणि कामासाठी दूर कोणतेच नाही. जो माणूस उसासाठी पार कर्नाटकापर्यंत जातो त्याच्या मुलाला लातूरचे काय? परंतु ‘कोठेही येईन’ असा पर्याय तेथे नव्हता.

त्यानंतर ‘आपला परिचय जोडा’. मी चौकातल्या मल्टीसर्व्हिसेसमध्ये पन्नास रुपये देऊन तो टंकून घेतला होता. तो जोडला. जोडल्यावर यंत्राने तोच मजकूर पुन्हा चौकोनाचौकोनात भरायला सांगितला. शाळा कोणती, वर्ष कोणते, टक्के किती. सगळे परिचयात लिहिलेले, तरी पुन्हा. शिपायाच्या हाती अर्ज द्यावा, त्याने तो टेबलावर ठेवावा आणि म्हणावे, ‘आता तोंडी सांगा’, तसला प्रकार. एका ठिकाणी ‘पूर्वानुभव’ असा रकाना होता आणि त्यात निवडायला व्यवसायांची लांबलचक यादी. हॉटेल होते, बँक होती, विमान वाहतूकही होती. ऊसतोड नव्हती. मी दोन हंगाम सुट्टीत फडावर गेलेलो आहे. पहाटे तीनला उठून गाडी भरणे हा अनुभव नव्हे असे कोण म्हणेल? पण यादीत नाव नसल्यामुळे मला ‘इतर’ निवडावे लागले. माझ्या आईबापांचे आयुष्य ‘इतर’ या तीन अक्षरांत मावते, हे मला त्या दिवशी कळले.

वीज आणि टॉवर यांच्याविषयी फार लिहीत नाही. १९७१ साली सुरू झालेले परळीचे औष्णिक केंद्र आपल्या शेजारीच आहे. २०१५ साली पाण्याअभावी ते पूर्ण बंद ठेवावे लागले होते, ही आठवणही आपल्याकडे ताजी आहे. दिव्याखाली अंधार ही म्हण आपण जगतो आहोत. सांगायचा मुद्दा एवढाच की, यंत्र अर्जदाराला ठरावीक वेळ देते. मोबाईलवर आकडे येतात, ते तेवढ्या वेळात भरायचे. आकडे घराच्या माळवदावर येतात आणि संगणक चौकात असतो. माणूस धावत पोहोचेपर्यंत ‘आपली वेळ संपली आहे’ असे अक्षर उमटलेले असते. पुन्हा पहिल्या चौकोनापासून आरंभ.

आता या सगळ्या अडचणी सोसण्याजोग्या आहेत. रांगेत उभे राहणे, कागद आणणे, पुन्हा आणणे हे आपल्याला नवे नाही. मला खरा अडखळा आला तो चाचणीपाशी.

काही कंपन्या अर्जानंतर लगेच एक प्रश्नावली देतात. तीत हिशेब नसतो, मराठी-इंग्रजी नसते. फक्त विधाने असतात आणि प्रत्येक विधानापुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच गोल. ‘माझा मूड लवकर बदलतो.’ ‘मला अनोळखी माणसांत आनंद वाटतो.’ ‘नियम कधी कधी मोडावे लागतात.’ अशी साठ-सत्तर विधाने. वडिलांचा पाय फडावर कापला गेला असेल त्या आठवड्यात माणसाचा मूड बदलतो की नाही, हे कसे सांगावे? खरे लिहावे तर भीती, आणि खोटे लिहावे तर पुढे तेच विधान निराळ्या शब्दांत येऊन पकडते. मी खरे लिहिले. दहा मिनिटांत पत्र आले की, या पदासाठी आपला विचार करता येत नाही. सत्तर प्रश्नांची उत्तरे दहा मिनिटांत वाचणारा माणूस असू शकत नाही. तेव्हा ती कोणी वाचली नाहीत हे उघड आहे.

याविषयी ग्रंथालयात शोध घेतला तेव्हा कळले की, हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत दुकानांतल्या कामासाठी अशा स्वभावचाचण्या या शतकाच्या आरंभापासूनच रूढ झालेल्या आहेत. कॅथी ओनील या गणितज्ञ लेखिकेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात एका विद्यार्थ्याची हकीकत दिली आहे. मानसिक आजारातून बरा होत असलेला हा हुशार मुलगा किराणा मालाच्या दुकानातील साध्या कामासाठी अर्ज करतो, आणि चाचणीच्या निकालावरून बाद होतो. मग दुसऱ्या, तिसऱ्या ठिकाणीही त्याचे तसेच होते. तो मुलगा नामांकित विद्यापीठात शिकत होता. त्याला कारण कळले, ते ओळखीच्या एकाने आतली गोष्ट सांगितली म्हणून. कंपनीने सांगितले म्हणून नव्हे.

दुसरा अभ्यास २०२१ सालचा आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अॅक्सेंचर यांनी मिळून काढलेल्या अहवालात असे दाखविले आहे की, अर्ज गाळणारी यंत्रे काम करू शकणाऱ्या असंख्य माणसांना आरंभीच बाहेर टाकतात. उदाहरणार्थ, मध्ये सहा महिन्यांहून अधिक काळ नोकरीत खंड पडलेला असेल, तर अनेक कंपन्यांची यंत्रे तेवढ्यावरून अर्ज बाजूला काढतात. तो खंड बाळंतपणामुळे पडला की आजारपणामुळे, हे यंत्र विचारीत नाही. आमच्याकडे तर वर्षाचे सहा महिने काम आणि सहा महिने खंड हीच रीत आहे. त्या गाळणीतून ऊसतोड्याचा मुलगा खाली कसा उतरायचा?

आता माझा ताळेबंद सांगतो. एकतीस अर्जांपैकी सव्वीस ठिकाणांहून ‘आपला अर्ज मिळाला’ असे यांत्रिक पत्र आले. त्यांतल्या चार ठिकाणांहून पुढे नकार आला. उरलेले बावीस अर्ज आजही ‘विचाराधीन’ आहेत. पाच ठिकाणांहून साधी पोचही नाही. आलेल्या प्रत्येक पत्राच्या तळाशी एकच सूचना होती, ‘कृपया या पत्त्यावर उत्तर पाठवू नये’.

आबा रोज संध्याकाळी विचारायचे, “काय म्हनले रे ते दुकानवाले?” मी म्हणायचो, “काही म्हटले नाहीत अजून.” चार-पाच वेळा असे झाल्यावर त्यांनी विचारले, “नाही तर म्हनले का?” मी म्हटले, “नाही बी नाही म्हटले.” त्यावर ते म्हणाले, “मंग हे कसलं मागनं?” मला उत्तर देता आले नाही.

या न बोलण्याचा परिणाम अर्जदारावर काय होतो, ते मी माझ्यावरून आणि मित्रांवरून पाहिले आहे. माणसाने तोंडावर नकार दिला तर राग येतो, आणि राग बाहेर पडतो. यंत्र गप्प राहिले तर राग धरायला कोणी नसतो. मग तो उलटून आत येतो. आपल्या नावातच काही खोट आहे का? टक्के कमी पडले का? परिचयातला फोटो बरा नव्हता का? माझ्या एका मित्राने सातव्या अर्जानंतर अर्ज करणे सोडले. त्याला कोणी नाकारलेले नव्हते. तो वाट पाहून थकला होता.

माझ्या थोरल्या चुलत्यांच्या पेटीत सेवायोजन कार्यालयाचे कार्ड आहे. त्या कार्यालयांचा इतिहास वाचण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावे म्हणून १९४५ साली ती सुरू झाली, १९५६ साली त्यांचा कारभार राज्यांकडे आला, आणि १९५९ च्या कायद्याने पंचवीस वा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनांनाही आपल्या रिकाम्या जागा तेथे कळविणे बंधनकारक झाले. माणूस तेथूनच घ्यावा असे बंधन मात्र नव्हते. चुलत्यांना त्या कार्डावर सगळ्या वर्षांत एकदाच मुलाखतीचे बोलावणे आले. नोकरी मिळाली नाही. परंतु ते पत्र त्यांनी कार्डाबरोबर जपून ठेवले आहे. त्यावर शिक्का आहे, आणि कोण्या अधिकाऱ्याची शाईची सही आहे. कोणीतरी एक माणूस आपले नाव वाचून सही करीत होता, याचा त्यांना अजून दिलासा वाटतो. पुढे २०१५ साली केंद्र सरकारने नोकऱ्यांसाठी राष्ट्रीय संकेतस्थळ काढले. कार्डाची जागा आता नोंदणी क्रमांकाने घेतली आहे. माझ्याकडे असे नऊ क्रमांक आहेत. पेटीत ठेवण्यासारखा त्यांत एकही नाही.

येथे कोणी म्हणेल, म्हणजे तुला जुनेच दिवस हवे आहेत तर! तसे मुळीच नाही. जुन्या रीतीचे दुखणे मला ठाऊक आहे. बाजारपेठेत मला जे काम मिळाले ते मामांच्या ओळखीने मिळाले. दुकानदाराने आधी आडनाव विचारले, मग गाव, मग ‘कोणाचा तू?’ माझ्याहून हुशार असा एक मित्र त्याच दुकानी गेला होता. ‘कोणाचा तू’ या प्रश्नापाशी त्याचे काम अडले. आबांना ऑनलाइन अर्जाचे केवढे अप्रूप वाटले होते ते याचसाठी. ‘इथं वशिला लागत न्हाई,’ असे ते चारचौघांत सांगत होते. यंत्र जात विचारीत नाही, पाहुणा कोण ते विचारीत नाही, ही गोष्ट खरीच मोलाची आहे. पण वशिला गेला आणि त्याच्याबरोबर उत्तर देणारा माणूसही गेला. आम्हाला पहिली गोष्ट जायला हवी होती, दुसरी नव्हे.

शिवाय माणूस गेला की त्याची जागा रिकामी राहत नाही. ठग येऊन बसतो. बाविसाव्या अर्जानंतर मला एक फोन आला. आवाज अदबीचा. “आपली निवड झाली आहे, गणवेशाच्या अनामतीपोटी अठराशे रुपये पाठवा.” आठ महिन्यांत माझ्याशी आपणहून बोललेला तो पहिला माणूस, आणि तो लबाड होता! मी फोन ठेवला. पण क्षणभर त्या ‘आपली निवड’ या शब्दांनी छाती भरून आली होती, हे येथे लिहितो. कारण अशा फोनला मुले का फसतात ते यावरून समजेल. मित्रहो, खरी कंपनी नोकरी देण्यासाठी पैसे मागत नाही. पैसे गेलेच तर लाजू नका. १९३० या क्रमांकावर लगेच कळवा.

मग आपल्याला हवे तरी काय? फार नाही. जाहिरातीत जागा किती, पगार किती आणि शेवटची तारीख कोणती हे लिहावे. तारीख उलटली की हो किंवा नाही कळवावे. नाही असेल तर एका ओळीत कारण द्यावे, आणि त्या ओळीखाली कोणाचे तरी नाव असावे. जो अर्जदार सत्तर विधानांना उत्तरे देतो, त्याला एक ओळ उत्तर मिळावे ही मागणी जास्त आहे असे मला वाटत नाही.

तोवर आपल्या हाती आहे तेवढे आपण करू. ग्रंथपाल सरांच्या परवानगीने वाचनालयात आम्ही काही जणांनी एक वही ठेवली आहे. तीत अर्जाची तारीख, पद, किती वेळ लागला, काय विचारले आणि काय उत्तर आले, एवढे लिहायचे. आजमितीस तीत नव्वदावर नोंदी आहेत, आणि उत्तराचा रकाना बहुतेक कोरा आहे. पण तो कोरा रकाना ओळीने खाली खाली पाहिला की एक गोष्ट लख्ख कळते : खोट एकट्याच्या नावात नाही. अर्ज सोडून बसलेला माझा मित्र ती वही अर्धा तास चाळत बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने आठवा अर्ज भरला. नवीन मुलांना कोणत्या प्रश्नापाशी अडखळायचे नाही, परिचय कसा लिहायचा, तेही आता वहीवरून सांगता येते. हा लेख वाचून आणखी कोणी नोंदी करतील तर त्याचे चीज झाले.

दसरा जवळ येत आहे. मुकादमाने आबांना निरोप दिला आहे, पोरगा येणार असेल तर त्याचीही उचल देतो. मुकादमाला फॉर्म लागत नाही, फोटो लागत नाही, स्वभावचाचणी तर नाहीच. त्याला दंड दिसतात तेवढे पुरतात. ज्या कामाला कोणी आपणहून जात नाही त्याचे दार सदा उघडे, आणि ज्याला सुट्टी आहे, निधी आहे, त्याच्या दारावर सात कुलपे. असा हा न्याय आहे. मला तृतीय वर्ष पूर्ण करायचे आहे. मी येणार नाही, असे त्याला सांगायचे मी ठरवले आहे. आणि ते आबांकरवी निरोपाने नव्हे, तर त्याच्या घरी जाऊन, समोर बसून, कारणासकट सांगणार आहे. त्याने मला विचारले आहे, तेव्हा उत्तरावर त्याचा हक्क आहे.